साहेबांनी खाल्लेले अवरे

अवऱ्यांचं उप्पीट मी खात नाही. संक्रांतीच्या दिवसांत बंगळुरात राहून असं म्हणणं म्हणजे रत्नागिरीत राहून आंबा नको म्हणण्यासारखं आहे. लोक आधी चकित होतात, मग आग्रह करतात, आणि शेवटी आवाज खाली आणून विचारतात, पोटाला बाधतं का? पोटाला नाही बाधत, डोक्याला बाधतं. इतकी वर्षं झाली तरी त्या फोडणीचा वास आला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो आणि बिचाऱ्या यजमानीणबाईंना वाटतं, आपल्या हातचं हिला आवडलं नाही. म्हणून एकदा काय ते लिहूनच टाकते.

लग्न होऊन मी पुण्याहून इथे आले ती पन्नास साल उलटल्यानंतरची गोष्ट. सरकारी कारखान्यांना तेव्हा इंजिनियर हवे होते, आणि आमच्या घरचे त्यांतलेच एक. बिऱ्हाड केलं जयनगरला. जयनगर नुकतंच आखलेलं होतं. रस्त्यांना आकडे मिळाले होते, पण रस्त्यांवर घरं मात्र अधूनमधून. आमच्या मागच्या दाराशी चक्क नाचणीचं शेत होतं. नाचणी कापून नेली की तिच्यातच पेरलेले अवरे डोकं वर काढत. अवरे म्हणजे आपला पावटाच. पण इथे थंडीत अवऱ्यांचं जे कोडकौतुक चालतं ते पुण्यात पावट्याच्या वाट्याला कधी आलं नाही.

शेजारच्या घरात अक्का राहायच्या. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तीनेकशे वर्षांपूर्वी या मुलखात आले ते इथलेच झाले. चिकपेटेत त्यांच्या यजमानांचं शिंप्याचं दुकान होतं. घरात मराठी बोलत, पण अशी की पहिल्या महिन्यात मला निम्मी कळत नसे. मला त्या ‘तंगी’ म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. मी पुणेरी तोऱ्यात त्यांची भाषा सुधारायला गेले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तंगी, तुझी मराठी कागदावरची हाय. आमची चुलीवरची. स्वल्प धूर असायचाच की." त्यानंतर मी तो नाद सोडला.

मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. घरात बसून कंटाळले होते, आणि जवळच्या एका मुलींच्या शाळेला जीवशास्त्राला शिक्षिका मिळत नव्हती. शाळा इंग्रजी माध्यमाची, मुली मात्र कानडी, तमिळ, तेलुगू, मराठी, सगळ्या घरांतल्या. मला लगेच घेतलं आणि एक पुस्तक हातात दिलं. ते पुस्तक विलायतेत, विलायतेतल्या मुलांसाठी लिहिलेलं होतं. त्यात बर्फ वितळलं की झाडांना पालवी फुटायची. पानं दाखवायला ओक होता, फूल दाखवायला बटरकप नावाचं पिवळं रानफूल होतं. ओक मी स्वतःही पाहिला नव्हता, आणि बंगळुरात बर्फ पाहायचं तर मार्केटात माशांच्या पेटाऱ्याजवळ जावं लागलं असतं.

पहिल्याच तासाला एका मुलीला मी विचारलं, कळी म्हणजे काय? तिने न अडखळता व्याख्या म्हणून दाखवली, स्वल्पविरामासकट. तिच्या वेणीत चांगला हातभर मोगरा माळलेला होता, सगळा कळ्यांचाच. म्हटलं, आता एक कळी दाखव. ती पुस्तकाची पानं उलटायला लागली. वर्गातली एकही मुलगी हसली नाही, कारण कुणालाच त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मला मात्र त्या क्षणी जो संताप आला तो त्या मुलीवर नव्हता. ज्या शहाण्यांनी तिच्या हातात ते पुस्तक दिलं आणि तिची वेणी तिच्यापासून तोडली, त्यांच्यावर होता.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तक मी टेबलाच्या खणात ठेवलं. फूल शिकायचं तर वेणीतली अबोली आणि मोगरा सोडवून शिकायचं. पान शिकायचं तर जेवायचं केळीचं पान आणि खायचं विड्याचं पान शेजारी शेजारी धरायचं. एकाच्या शिरा सरळ ओळीत, दुसऱ्याच्या जाळीदार. आयुधपूजेला इथे कारखान्यांच्या दारात कोहळे आपटून फोडतात. मी आमच्या यजमानांना सांगून एक न फोडलेला मागवला, आडवा कापला, आणि फळात बिया कुठे चिकटलेल्या असतात ते वर्गाला दाखवलं. दसऱ्याला घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. मी म्हटलं, प्राण्यांच्या बाहुल्या शाळेत आणा आणि आपण वेगळ्या रीतीने मांडू. खालच्या पायरीवर मासे, मग बेडूक, मग नाग आणि मगर, मग मोर आणि पोपट, मग गाय, वाघ, हत्ती. गणपती कुठल्या पायरीवर, यावरून वर्गात बराच वाद झाला. शेवटी मुलींनीच तोडगा काढला. गणपती सगळ्यांच्या वर, पायऱ्यांच्या बाहेर. त्याचा उंदीर मात्र गायीच्या पायरीवर. मला याहून बरी उत्तरं कॉलेजातही ऐकू आलेली नव्हती.

आमच्या मुख्याध्यापिकाबाई भल्या होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. वर्गात केळीची पानं आणि कोहळे दिसले की त्या दारात थबकायच्या. "हे विज्ञान आहे ना?" एवढंच विचारायच्या. मी हो म्हटलं की मान हलवून पुढे जायच्या. त्यांना विज्ञान कळत नव्हतं, पण माणसं कळत होती, असं मी तेव्हा समजत होते.

आता अवऱ्यांकडे येते.

थंडी सुरू झाली की अक्कांच्या मागच्या अंगणात एक सोहळाच चाले. शेंगांतून काढलेले हिरवे दाणे रात्रभर पाण्यात भिजत घालायचे आणि सकाळी बायकांनी गोल बसून सोलायचे. सोलायचे म्हणजे दाणा अंगठा आणि बोटात धरून किंचित दाबायचा. साल हातात राहते आणि आतला दाणा टुणकन परातीत जाऊन पडतो. कानडीत याला ‘हिदुकिद अवरेबेळे’ म्हणतात, दाबून सालातून काढलेली डाळ. आम्ही पुण्याला वालाला मोड आणून डाळिंब्या सोलायचो, त्यामुळे मला वाटलं, हे काय मोठं. पण माझे दाणे परातीऐवजी विहिरीकडे उडायला लागले. "स्वल्प हळू, तंगी," अक्का म्हणाल्या. "दाणा तुझा दुश्मन नव्हे की."

तिथे अक्कांची धाकटी मुलगी बसली होती. ती आमच्याच शाळेत होती, माझ्याच वर्गात. ती इतर बायकांसारखी झपाझप सोलत नव्हती. सोललेला प्रत्येक दाणा ती नखाने उघडून आत बघत होती आणि त्याबद्दल आईचं बोलणं खात होती. मी जवळ जाऊन पाहिलं. दोन डाळी, आणि त्यांच्या कडेला चिकटलेलं इवलंसं रोप. एक टोक मुळाचं, एक टोक कोंबाचं. तिने मान वर न करता विचारलं, "टीचर, हे सगळ्यांत असतंय. म्हंजे आपण रोज इतकी झाडं खातोय?" विलायती पुस्तकात बीचा धडा आठ पानांचा होता. त्या आठ पानांनी जे केलं नव्हतं ते घमेलंभर अवऱ्यांनी केलं. मी त्याच सोमवारी घमेलं शाळेत नेलं.

वर्गात आम्ही अवरे सोलले. भिजलेला दाणा दाबला की ज्या बारीक भोकातून पाण्याचा थेंब येतो ते पाहिलं. दाण्याच्या माथ्यावरची पांढरी रेघ, म्हणजे तो शेंगेला जिथे चिकटलेला असतो ती जागा, पाहिली. मग अक्कांच्या डब्यातले जुने वाळके अवरे आणून कुंड्यांत पेरले. आणि एक दिवस अक्कांच्या मुलीने हात वर केला.

"टीचर, पुस्तकातलं बी उगवतं तेव्हा त्याच्या डाळी मातीतच राहतात. असं चित्र हाय. आमच्या डाळी तर कोंबाबरोबर वर आल्या."

ती बरोबर होती. पुस्तकातला घेवडा विलायती जातीचा, त्याच्या डाळी मातीखाली राहतात. आपल्या पावट्याच्या डाळी देठावर बसून वर येतात, उजेड बघतात, हिरव्या होतात आणि मग गळतात. दोन्ही खरं. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने पुस्तक आणि कुंडी शेजारी शेजारी ठेवून स्वतः पाहिलं होतं. एवढंच नाही, बी उथळ पेरल्यामुळे असं होत असेल की काय म्हणून तिने दुसरं बी बोटभर खोल पेरून पाहिलं होतं. तेही वर आलं. मी शिक्षिका झाले याचा मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका पुन्हा कधी झाला नाही.

या मुलीला सायन्स कॉलेजात जायचं होतं. आता अडचण सांगते. आमच्या शाळेत जीवशास्त्र खालच्या वर्गांपर्यंतच होतं. वरच्या, परीक्षेच्या वर्गांना तो विषय शिकवायला शिक्षणखात्याची मंजुरी लागणार होती, आणि शाळेच्या परीक्षेत विषय नसेल तर सायन्स कॉलेजचं दार बंद. विज्ञान असलेली मुलींची दुसरी शाळा होती ती छावणीच्या बाजूला, दोन बस बदलून. अक्कांचे यजमान वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी सरळ सांगितलं होतं, "इथल्या शाळेत सायन्स आलं तर शिकू दे, किती पायजे तितकं. तितक्या लांब नको." म्हणजे सगळं त्या मंजुरीवर येऊन ठेपलं होतं. इन्स्पेक्टर साहेब येणार, तपासणी करणार, आणि त्यांना पटलं तर विषयही मिळणार आणि शाळेला एक सूक्ष्मदर्शकही.

आम्ही तयारी केली. काचेच्या बरण्यांत टिपकागद लावून रुजलेले अवरे, अगदी पहिल्या फुटव्यापासून ते पानं उमललेल्या रोपापर्यंत, ओळीने मांडले. कुंड्या मांडल्या. आणि साहेबांसमोर प्रत्येक मुलीने एक दाणा सोलून त्याचे भाग दाखवावेत म्हणून आदल्या रात्री घमेलंभर ताजे अवरे भिजत घातले. साहेब आधी शेजारच्या वर्गात भूगोल तपासत बसले, आणि तिथे त्यांना वेळ लागला. आता, बंगळुरातल्या मुलीपुढे भिजलेल्या अवऱ्यांचं घमेलं ठेवून तिला गप्प बसायला सांगणं कुणालाही जमणार नाही. मी बरण्यांवर चिठ्ठ्या लावत होते. मागे वळून पाहते तो तीस मुलींनी, घरी आयांबरोबर बसून करतात तसं, सगळं घमेलं सोलून ठेवलेलं. हात आपोआप चालले होते. मला हसू आलं. मी त्यातले मूठभर दाणे बाजूला काढून ठेवले आणि बाकीची परात कोपऱ्यात सरकवली.

साहेब आले. लांब कोट, डोक्याला जरीकाठी म्हैसुरी फेटा, मागे मोठ्या बाई. साहेबांनी बरण्या पाहिल्या आणि "छान, छान" म्हणाले. मुलींनी दाण्याचे भाग दाखवले, तेव्हाही "छान" म्हणाले. मग कुंडीजवळ आले आणि थांबले.

"या डाळी वर का आल्यात? बी नीट पेरलेलं नाही."

अक्कांची मुलगी उभी राहिली. तिचं इंग्रजी साधं होतं, पण आवाज स्थिर होता. "सर, या बीच्या डाळी वरच येतात. आम्ही खोल पेरूनही पाहिलं."

"पुस्तकात काय दिलंय?"

"पुस्तकातलं बी वेगळं आहे, सर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की ती बरोबर बोलते आहे, दोन जाती वेगळ्या, दोन्हींचं उगवणं वेगळं. साहेब हसले. रागावले असते तर परवडलं असतं. हसले, आणि मुलीच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलं चित्र काढ हं, बाळ. कुंडीतलं नको."

ती खाली बसली. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोठ्या बाई पुढे झाल्या. साहेबांना चहाला बोलवायची वेळ झाली होती.

पुढचं मला चहा घ्यायला खोलीत गेल्यावर कळलं, तेही नाकाने. पाहुणा आला तर त्याला नुसत्या चहावर पाठवायचं नाही, आणि सोललेले अवरे संध्याकाळपर्यंत ठेवायचे नाहीत, हे इथल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. मोठ्या बाईंनी शाळेच्या आयाबाईला हाक मारली होती आणि वर्गातल्या चार मुलींना मदतीला घेतलं होतं. शिक्षकांच्या खोलीतल्या स्टोव्हवर रवा भाजला जात होता. मोहरी, कढीपत्ता, शेपू, ओलं खोबरं, आणि त्यात माझी परात. माझा अख्खा धडा मिठासकट कढईत शिजत होता. बाजूला ठेवलेले मूठभर दाणेही आया मागून घेऊन आली होती, कारण ते टाकायचे कशाला.

साहेबांनी दोनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा कढई खरवडायला लावली. मग बोटं पुसत मोठ्या बाईंना म्हणाले, "मॅडम, या आठवड्यात मी पुष्कळ शाळा बघितल्या. सगळीकडे मला घेवड्याचं चित्र दाखवलं. तुमच्या शाळेत मी तो खाल्ला." सगळे हसले. मोठ्या बाई तर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "तुमच्या मुलींना फार चांगलं शिक्षण मिळतंय," साहेब निघताना माझ्याकडे बघून म्हणाले. बाहेर अक्कांची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं. त्या संध्याकाळी तिने घरी सांगितलं की विषय मिळाला.

विषय मिळाला नाही. निर्णय आला तो मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून, दार लोटून सांगितला. साहेबांनी आमची भरपूर स्तुती केली होती. मुलींचे हात कामाला वळलेले आहेत, शिक्षिका घरगुती वस्तूंचा उत्तम उपयोग करते, वर्गात स्वच्छता आहे, पाककौशल्य वाखाणण्यासारखं आहे. या सगळ्याचा विचार करता वरच्या वर्गांना जीवशास्त्राऐवजी गृहशास्त्र मंजूर करणं मुलींच्या हिताचं होईल. जीवशास्त्र आणि त्याबरोबरचा सूक्ष्मदर्शक त्याच रस्त्यावरच्या मुलांच्या शाळेला.

माझा विश्वास बसेना. म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"त्यांनी जे खाल्लं ते जीवशास्त्र होतं, मॅडम," मी म्हणाले.

"असं नका बोलू. तुमची जागा तर राहिली ना. तुम्हीच गृहशास्त्र शिकवा. तुम्हाला तर ते सगळं येतंच."

माणूस खाल्ल्या मिठाला जागतो असं लहानपणापासून ऐकत आले होते. या माणसाने मीठ खाल्लं, तूप खाल्लं, खरवडसुद्धा खाल्ली, आणि मुलींच्या तोंडचा घास घेऊन गेला. मी रजा टाकून खात्याच्या कचेरीत गेले. दुपारपर्यंत बाकावर बसवलं. मग साहेबांनी आत बोलावून खुर्ची दिली, आणि मी रागावले आहे हे पाहून ते खरोखर दुखावले गेले. "मॅडम, तुम्ही उलटा अर्थ घेतलात. मी तुमची तारीफ केली आहे. पुष्कळ शिक्षिका नुसतं पुस्तक वाचून दाखवतात. तुम्ही मुलींना त्यांच्या घरातलं शिकवता. मग विषयाचं नावही घरातलंच असलेलं बरं नाही का?"

मी विचारलं, मुलांच्या शाळेतले शिक्षक कसं शिकवतात?

"पुस्तकाप्रमाणे," ते म्हणाले. "तिथे शिस्त आहे."

मुलांच्या शाळेत भिंतीवर त्या विलायती बटरकपचा तक्ता टांगला होता आणि मुलं छडीच्या धाकाने त्याचे भाग पाठ म्हणत होती. म्हणून ते विज्ञान. आमच्या मुलींनी खरं बी उघडलं, पेरलं, पुस्तकाशी ताडून पाहिलं, म्हणून तो स्वयंपाक. सूक्ष्मदर्शक त्या शाळेत गेला तो कपाटात कुलपाखाली गेला, मुलांनी फोडू नये म्हणून. हे मला तिथल्याच शिक्षकांनी पुढे कौतुकाने सांगितलं. म्हणाले, अजून अगदी नवा आहे. भिंगाला कुणाचा डोळा लागलेला नाही.

गृहशास्त्राचं पुस्तक आलं, आणि मी कपाळाला हात लावला. तेही विलायतेत लिहिलेलं. पहिला धडा होता शेकोटीच्या जाळीतली राख कशी काढावी आणि जाळीला काळं पॉलिश कसं करावं याचा. त्यात अवरे नव्हते, रवा नव्हता, चूलसुद्धा नव्हती. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरावरून त्यांनी आम्हाला विज्ञानातून काढलं, आणि नंतर स्वयंपाकघरातूनही काढलं. कुणी म्हणेल, बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. घेते. दुसऱ्याच्या मुलीचं नुकसान झालं की शहाणपणाने मान डोलवणारी माणसं माझ्या पाहण्यात खूप आहेत. त्यांच्यात माझी एक भर कशाला?

अक्कांकडे मी सांगायला गेले तेव्हा त्यांचे यजमान कापड बेतत बसले होते. त्यांनी कात्री खाली ठेवली, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरी," म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक आहे’. "मग आर्ट्स शिकू दे." मी छावणीच्या शाळेचं पुन्हा बोलून पाहिलं. मी स्वतः रोज बसमध्ये बसवून देईन म्हटलं. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या नवऱ्याला काही बोलल्या नाहीत, मला बोलल्या. "तंगी, आम्ही तुला अवरे दिले ते पोरीला शिकवायला. त्या साहेबाला खायला कोण दिलं?" त्यांचा राग बरोबर होता, पण पत्ता चुकीचा होता, आणि बरोबर पत्त्यावर जाऊन मी रिकाम्या हाताने परत आले होते.

मुलगी आर्ट्स शिकली. इतिहास घेतला होता बहुतेक, तिनेही कधी विशेष सांगितलं नाही. मग टायपिंग शिकली आणि एका ऑफिसात लागली. चांगली लागली, पगारही बरा होता, आणि लोकांनी मला सांगितलंही, बघा, काही वाईट झालं का तिचं? वाईट झालं नाही. जे व्हायचं होतं ते झालं नाही, याला वाईट म्हणायची लोकांची तयारी नसते.

मी गृहशास्त्र शिकवलं. शेकोटीचा धडा खणात टाकला आणि दही का विरजतं, डोशाचं पीठ का फुगतं, रेशमाचा किडा धागा कसा काढतो ते शिकवलं. पुष्कळ शिकवलं. पण त्याने कुठल्याही मुलीला सायन्स कॉलेजचं दार उघडलं नाही, म्हणून त्याची फुशारकी मी मारत नाही.

काही वर्षांनंतरची गोष्ट. साठचं दशक सरत आलं होतं. मागचं नाचणीचं शेत जाऊन तिथे घरं उठली होती, अवरे आता बाजारातून आणावे लागत. अक्कांची मुलगी लग्न होऊन येलहंक्याला गेली होती आणि थंडीत माहेरी आली होती. अक्कांच्या अंगणात घमेलं मांडलं होतं. मी कुंपणावरून पाहिलं तर ती एकटीच सोलत बसली होती, म्हणून जाऊन तिच्याजवळ बसले.

तिचे हात आता आईसारखे झपाझप चालत होते. थोडा वेळ आम्ही तिच्या ऑफिसाबद्दल, सासूबद्दल बोललो. मग तिने एक दाणा सोलला, तो परातीत टाकला नाही. नखाने उघडला आणि तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला.

"टीचर, याच्या डाळी वरच येतात ना?"

"वरच येतात."

"खोल पेरलं तरी?"

"खोल पेरलं तरी."

तिने मान हलवली. तळहातावरचा दाणा ती बघत राहिली.

"मग मी त्या दिवशी कुठे चुकले?"

"कुठेच नाही," मी म्हणाले.

"सरी," ती म्हणाली. तिने तो दाणा परातीत टाकला आणि घमेल्यातून पुढची मूठ काढून घेतली.